उठता येईल असं अंथरूण

कुत्र्याच्या गुडघ्यात हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो. त्याची जाडी जेमतेम एका मिलिमीटरच्या आसपास. या थरात रक्तवाहिनी नाही की मज्जातंतू नाही. तरीही तीस किलोचा लॅब्रॅडॉर जिना उतरतो, चेंडूमागे झेपावतो, बेल वाजली की दाराकडे धावत सुटतो, तेव्हा सांध्यावर येणारा सगळा भार हा थर झेलतो. हीच कूर्चा. रक्त पोहोचत नाही, मग तिला अन्न मिळतं कुठून? या प्रश्नाचं उत्तर इतकं सुंदर आहे की, म्हाताऱ्या कुत्र्याचं अंथरूण निवडतानासुद्धा ते मनात ठेवावं.

कूर्चेचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाणी असतो. पाय जमिनीवर टेकला की तिच्यावर दाब येतो आणि थोडं पाणी बाहेर पडतं. पाय उचलला की सांध्यातला द्रव पुन्हा आत शोषला जातो, आणि त्या द्रवासोबत कूर्चेतल्या पेशींना लागणारी पोषकद्रव्यंही आत जातात. ओला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसं हे अखंड चालू असतं. म्हणजे कूर्चा चालण्यावर जगते. सांधा हलला तर ती पोसली जाते. सांधा दिवसचे दिवस एका जागी पडून राहिला तर तिची उपासमार होते.

सांध्यातला द्रवही तितकाच अजब आहे. त्याला चिकटपणा देणारं हायल्युरॉनिक ॲसिड 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळं काढलं. हे वंगण संथ हालचालीत दाट असतं आणि वेगवान हालचालीत पातळ होतं. निरोगी सांध्यात हा द्रव आणि कूर्चा मिळून घर्षण इतकं कमी करतात की, बर्फावर बर्फ सरकतानाही त्याहून अधिक घर्षण होतं.

ही व्यवस्था बिघडते तेव्हा त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. घरोघरी आपण त्याला संधिवात म्हणतो. खुब्याचा सांधा जन्मापासून नीट न बसणं, कोपराची सदोष वाढ, गुडघ्यातला अस्थिबंध तुटणं, ही कुत्र्यांमधली त्याची नेहमीची कारणं. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड या जातींमध्ये तो फार दिसतो. कूर्चा झिजत जाते, सांध्याचं अस्तर सुजतं, हाडाच्या कडांना नवी हाडं फुटतात. कूर्चेला स्वतःला मज्जातंतू नसल्यामुळे झीज सुरू झाल्याचं कुत्र्याला कळतही नाही. दुखू लागतं ते सुजलेलं अस्तर आणि कूर्चेखालचं हाड, आणि तोवर बराच काळ लोटलेला असतो.

कुत्रा उठतो कसा?

संधिवाताची पहिली खूण बहुधा उठताना दिसते. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावलं अवघडलेली असतात. मग घरातल्या घरात एखादी फेरी झाली की चाल मोकळी होते. म्हणून घरच्यांना वाटतं, वय झालंय, थोडं आखडलं असेल. पण ती सुरुवातीची पावलंच सगळी हकीकत सांगत असतात.

उठणं ही कुत्र्याच्या दिवसातली सर्वांत अवघड कसरत आहे. गाय उठते तेव्हा आधी मागचा भाग वर उचलते. कुत्रा साधारणपणे याच्या उलट करतो: आडवा असला तर आधी पोटावर वळतो, पुढचे पाय समोर रोवतो, छाती उचलतो आणि मग मागचे पाय खाली घेऊन नितंब वर ढकलतो. उभं राहिल्यावर शरीराचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर येतं. आणि हे पुढचे पाय धडाला जोडलेले असतात निव्वळ स्नायूंनी! आपल्याकडे असतो तसा हाडाचा कॉलर बोन कुत्र्याला नाही. खांद्याची पाती दोन्ही बाजूंना स्नायूंच्या पट्ट्यांत झुलत असतात आणि छाती त्या पट्ट्यांच्या झोळीत टांगलेली असते. पळताना धक्के पचवायला ही रचना अप्रतिम आहे. पण खुबे दुखणारा म्हातारा कुत्रा मागच्या पायांचं कामही पुढच्या पायांकडून करून घेतो, आणि मग खांदे आणि कोपरंही थकतात.

आता कल्पना करा, असा कुत्रा पायाखाली सरकणाऱ्या फरशीवरून उठतोय. आपल्या घरांतली व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट, घोटून चकचकीत केलेली शहाबादी दिसायला देखणी खरी. पण कुत्र्याच्या पंजाला तिच्यावर पकड मिळत नाही. मागचे पाय बाहेरच्या बाजूला फाकत जातात आणि दुखऱ्या खुब्यावर नेमका नको तिथे ताण येतो. म्हणून अंथरुणाचा विचार तिन्ही गोष्टींचा मिळून करायचा: तो झोपतो ती जागा, उठतो ती जागा आणि पहिलं पाऊल टाकतो ती जागा.

सॉफ्ट क्रेटचा गुण आणि दोष

या तिन्ही जागा जुळवायला कुत्र्यासाठीचा कापडी पिंजरा, म्हणजे सॉफ्ट क्रेट, उपयोगी पडतो: स्टील, ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसीच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं जाड कापड. खिडक्यांना जाळी, दारांना चेन. घडी घातली की कपाटामागे उभा राहतो, आणि सुट्टीत गावी जाताना सोबत नेता येतो. तारेच्या क्रेटमध्ये खाली पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा ट्रे असतो. थंडीत तो गार पडतो आणि पाय सरकतो. प्लॅस्टिकच्या पेटीला बहुधा दाराशी उंच काठ असतो. कापडी भिंत मात्र अंगाला टोचत नाही. कूस बदलताना दुखरा खुबा तिच्यावर आपटला तरी ती नमते.

पण हे नमणंच एके ठिकाणी नडतं. उठताना तोल जाणारा कुत्रा कशाला तरी टेकून उभा राहतो. सॉफ्ट क्रेटच्या भिंतीला तो टेकला तर भिंत बाहेर जाते आणि तिच्यासोबत तोही जातो. यावर उपाय सोपा आहे. क्रेटची एक लांब बाजू घराच्या पक्क्या भिंतीला किंवा जड कपाटाला घट्ट लावून ठेवा. कापडाचा मऊपणा राहतो, मागून आधारही मिळतो. घेताना सांगाड्याच्या कोपऱ्यांतले सांधे नीट अडकतात का, हाताने जोर दिल्यावर चौकट तिरकी होते का, हेही पाहा.

मापं कुत्र्याची, झोपलेल्या कुत्र्याची

निरोगी कुत्र्यासाठी क्रेट घेताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घेतात आणि चार-सहा इंच वाढवतात. लॅब्रॅडॉरसाठी दुकानदार सहसा 42 इंची क्रेट सुचवतात. गुडघे आणि खुबे पूर्ण दुमडता येणाऱ्या कुत्र्याला ते माप पुरतं, कारण तो अंगाची गुंडाळी करून झोपू शकतो. संधिवात झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना सांधे तेवढे दुमडवत नाहीत. ते पाय लांब पसरून कुशीवर झोपतात. म्हणून टेप घ्या आणि तो गाढ झोपलेला असताना माप घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, आणि पाठीच्या कण्यापासून पसरलेल्या पंजांच्या टोकापर्यंतची रुंदी. दोन्हींत हातभर नाही तरी वीतभर मोकळी जागा धरा. बऱ्याचदा एक माप मोठा क्रेट घ्यावा लागतो.

उंची मोजताना एक हिशेब हमखास राहून जातो. उभ्या कुत्र्याच्या डोक्याची उंची मोजली जाते, पण आत गादी घातल्यावर जमीन तेवढी वर येते हे लक्षात येत नाही. डोक्यापर्यंत 75 सेंटिमीटर आणि गादी 10 सेंटिमीटर असेल तर आतून 85 सेंटिमीटर उंची हवी. नाहीतर त्याला मान खाली घालून उभं राहावं लागेल, म्हणजे आणखी वजन पुढच्या पायांवर येईल.

मग पाहायचा तो दाराचा उंबरा. सॉफ्ट क्रेटच्या दाराखाली कापडाची एक पट्टी राहते. चेन पूर्ण उघडून दार वर गुंडाळल्यावर ही पट्टी किती उंच उरते ते बघा. जितकी कमी तितकी चांगली. कुत्रा पट्टी ओलांडून लगेच गादीवर चढणार, म्हणजे एकाच पावलात दोन अडथळे. गादीची दाराकडची कड तिरकी कापून घेतली तर तो उतारावरून चालत आत जाईल. बाहेरही रबरी मॅट किंवा मागे रबर असलेली सतरंजी हवी, म्हणजे बाहेर येताना पहिलं पाऊल सरकत नाही.

समोर एक आणि लांब बाजूला एक, अशी दोन दारं असलेला क्रेट निवडा. बाजूच्या दाराने शिरलेल्या कुत्र्याला आत गेल्यावर पूर्ण वळावं लागत नाही, आणि वळताना एका पायावर येणारी मुरड वाचते. वरून उघडणारं छत असेल तर फारच उत्तम. अगदी वाईट दिवशी वरून वाकून त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून पंचा घालता येतो आणि दोन्ही टोकं धरून नितंबांना हलका आधार देता येतो.

गादी किती मऊ असावी?

आपलं मन सांगतं, दुखतंय म्हणजे मऊ हवं, जितकं मऊ तितकं बरं. इथे थोडं थांबावं. खोल मऊ गादीत कुत्रा रुततो. उठताना त्याला आधी खड्ड्यातून वर यावं लागतं, आणि पुढचे पाय रोवायला खाली काही ठाम लागत नाही. याउलट नुसत्या कडक जमिनीवर कोपराच्या टोकाला सतत दाब बसतो. तिथे त्वचेखाली हाडच असतं. मोठ्या कुत्र्यांच्या कोपरांवर घट्टे पडतात, कधी पाण्याची गाठही येते. कारवानी आणि मुधोळ जातीचे सडपातळ कुत्रे तर चरबीचं अस्तर फार थोडं असलेले; त्यांच्या हाडांना हा दाब लवकर लागतो.

दाब हा असा शत्रू का आहे, ते कळायला रक्ताच्या सगळ्यांत बारीक नळ्यांकडे जावं लागतं. 1930 मध्ये यूजीन लँडिस यांनी माणसाच्या नखालगतच्या केशवाहिन्यांमध्ये अतिसूक्ष्म काचनळी घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी 32 मिलिमीटर पारा निघाला. केसाहून बारीक नळीत काचेची नळी घालण्याचं ते कौशल्य आजही थक्क करतं. बाहेरून बराच वेळ त्याहून जास्त दाब बसला तर रक्त अडतं आणि खालच्या पेशी उपाशी राहतात, या विचारावर पुढे माणसांच्या रुग्णालयांतल्या गाद्यांची आखणी झाली. चांगली गादी वजन एका टोकावर न ठेवता मोठ्या भागावर वाटून देते. तिचं मुख्य काम हेच.

यासाठी मेमरी फोमचं नाव घेतलं जातं. त्याचा जन्म विमानात झाला म्हटलं तरी चालेल. 1966 मध्ये नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरिता हा फोम घडवला. धक्का पचवावा आणि लांबच्या प्रवासात बसणं सुसह्य व्हावं, हा हेतू. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. कुत्र्याच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सियस असतं, आपल्याहून जास्त, त्यामुळे त्याच्याखाली हा फोम चटकन मऊ पडतो. पण थंडीत तोच कडक होतो. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरलेल्या पहाटे उघड्या ओसरीत ठेवलेली मेमरी फोमची गादी दगडासारखी लागेल. आणि उन्हाळ्यात तो उष्णता धरून ठेवतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. अंग थंड करायला त्याच्याकडे मुख्यतः धापा टाकणं आहे. नागपूरच्या मे महिन्यात जाड मेमरी फोम त्याला नकोसा होतो.

म्हणून दोन थरांची गादी मला सर्वांत योग्य वाटते: खाली ठाम थर, वर मऊ थर. जवळच्या गादीवाल्याकडे ती हव्या त्या मापात करून मिळते. खालच्या थराला रीबॉन्डेड फोम चालतो. तो फोमचे तुकडे दाबून बनवलेला, चांगला घट्ट असतो. वर दोनेक इंच चांगल्या प्रतीचा मऊ फोम. दुकानात '32 डेन्सिटी', '40 डेन्सिटी' असं ऐकाल. हा आकडा एका घनमीटर फोमचं वजन किलोत सांगतो. फोम किती टिकेल याचा त्यावरून अंदाज येतो; तो किती मऊ किंवा कडक आहे हे त्यातून कळत नाही. तेवढ्यासाठी हाताने दाबूनच बघावं लागतं. मोठ्या कुत्र्याला एकूण जाडी चार इंचांच्या आसपास ठीक.

खरी परीक्षा तो झोपल्यावर. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग गादीखाली हात सरकवा, बरोबर त्याच्या कोपराच्या आणि खुब्याच्या खाली. वरून हाड हाताला जाणवलं तर फोम पूर्ण दबलाय, ती गादी पुरेशी नाही. मग त्याला हाक मारा आणि उठताना पाहा. पंजे रुतत असतील तर वरचा थर जास्त मऊ आहे.

कापसाची जुनी गादी वाईट नाही, पण कापूस लवकर बसतो आणि मधोमध खळगा पडतो. पिंजून घेत राहावं लागतं. घरातली गोधडी मात्र फोमच्या वर अंथरायला छान. धुता येते, थंडीत ऊब देते, आणि तिला घरच्या माणसांचा वास असतो. तिची कड फोमखाली नीट खोचा, म्हणजे ती पायात येणार नाही.

आपल्या हवेत

कोकणात जुलैमध्ये फोम ओला झाला तर वाळता वाळत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचा लघवीवरचा ताबा कधीकधी सुटतो, त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून फोमवर आधी पाणी न मुरणारी खोळ, तिच्यावर धुण्याजोगी सुती खोळ, आणि सुती खोळींचे दोन जोड. क्रेटचा तळ बहुतेक वेळा वॉटरप्रूफ कापडाचा असतो. त्याच्याखाली ओल साचते. आठवड्यातून एकदा सगळं उचलून वारा लागू द्या. शिवणींमध्ये गोचिड दडतात, तेव्हा ऊन पडलं की क्रेट उलटा करून उन्हात ठेवा आणि शिवण न् शिवण तपासा.

जाळी किमान तीन बाजूंना हवी. उन्हाळ्यात वारा आरपार जातो. हिवाळ्यात एका बाजूवर चादर टाकली की आडोसा होतो. थंडीत सांधे अधिक दुखतात, तेव्हा ऊब हवीच, पण विजेची गरम गादी लावून कुत्र्याला एकटं सोडू नका. दुखणाऱ्या कुत्र्याला चटकन बाजूला होता येत नाही आणि भाजण्याचा धोका असतो. एसीचा झोतही थेट अंगावर नको.

क्रेट कुठे चालत नाही

दार बंद झालं की घाबरणारा, जाळी कुरतडणारा, चेन नखांनी उघडणारा कुत्रा सॉफ्ट क्रेटमध्ये ठेवू नये. त्याच्या भीतीवर आधी उपाय हवा. गाडीतही त्याच्यावर विसंबू नका. अपघातात कापड आणि हलक्या नळ्या कुत्र्याला वाचवू शकत नाहीत. विमानाच्या मालकक्षात तर पक्क्या भिंतींचीच पेटी लागते.

सवय लावताना दार उघडं बांधून ठेवा. आत खाऊ ठेवा, त्याचं त्याला जाऊ द्या, यायचं तेव्हा येऊ द्या. शिक्षा म्हणून त्याला कधीही आत पाठवू नका. क्रेट घरातल्या माणसांच्या वावराजवळ असावा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितलेली बंदिस्त विश्रांती वेगळी. एरवी त्याला तासन्‌तास कोंडून ठेवणं म्हणजे कूर्चेचं पोषण तोडणं. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं, सपाट आणि घट्ट जमिनीवर चालणं त्याला हवं. नखं वेळच्या वेळी कापा आणि पंजांतले वाढलेले केसही.

आणि वजन. अमेरिकेत प्युरिना कंपनीने 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चालवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं 11.2 वर्षं. संधिवातावर उपचार लागण्याचं मध्यक वयही एका गटात 10.3 वर्षं, तर सडपातळ गटात 13.3 वर्षं होतं. पोळीचे जादा तुकडे आणि चहासोबतची बिस्किटं थांबवण्याने तीन वर्षांचं चालणं मिळू शकत असेल, तर कोणत्याही गादीहून तो मोठा उपचार आहे.

गादी आणि क्रेट औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. उठताना अवघडणारा कुत्रा पशुवैद्यांना दाखवाच. कुत्र्यांसाठी चांगली वेदनाशामकं आज उपलब्ध आहेत. आपल्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र त्याला कधीही देऊ नका. ती त्याच्या जिवावर बेतू शकतात.

क्रेट विकत घेण्याआधी एवढं करा. तो झोपेतून उठतानाचा एक छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढा आणि डॉक्टरांना दाखवा. मग नवा क्रेट आणल्यावर आठवड्याने पुन्हा तसाच व्हिडिओ काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आत तो किती छान झोपतो यावर भुलू नका. ज्या क्रेटमधून तो कुणाच्या मदतीशिवाय, न घसरता, स्वतःच्या पायांवर बाहेर येतो, तोच क्रेट त्याच्यासाठी योग्य.